‘मँडरिन’ आणि मंत्री

चिनी सम्राटाच्या अधिकाऱ्याला इंग्रजीत ‘मँडरिन’ म्हणतात. हा शब्द आपल्या ‘मंत्री’च्या नात्यातला आहे काय, आणि असल्यास एकोणिसाव्या शतकात अफूच्या व्यापाराविरुद्ध उभे राहिलेले चिनी अधिकारी लिन झेशू यांच्यावर मराठीत लिहिताना त्यांना ‘मंत्री’ म्हणावे काय, असा प्रश्न आहे.

नाते निश्चित आहे. संस्कृत ‘मन्त्रिन्’ मलय भाषेत ‘मेंतेरी’ झाला आणि १५११ मध्ये मलाक्का जिंकणाऱ्या पोर्तुगिजांनी तो तेथून उचलला. ‘हुकूम करणे’ या अर्थाच्या त्यांच्या ‘मांदार’ या क्रियापदाचीही छाया त्याच्या रूपावर पडली असावी. चिनी लोक स्वतः अधिकाऱ्याला ‘गुआन’ म्हणतात.

तरीही लिन यांना ‘मंत्री’ म्हणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. १७८५ मध्ये फूजौ येथे एका गरीब शिक्षकाच्या घरी जन्मलेले लिन १८११ मध्ये राजधानीतील सर्वोच्च परीक्षा उत्तीर्ण झाले आणि पुढे त्यांची कारकीर्द प्रामुख्याने प्रांतोप्रांतीच्या कारभारात गेली. ‘सुभेदार’ या शब्दाने प्रांताचा अधिकार कळतो, परंतु त्याला लष्करी छटा आहे. ‘सनदी अधिकारी’ हा शब्द सर्वांत जवळचा, कारण त्यात परीक्षेतून झालेली निवड गृहीत आहे. पण ती परीक्षा कशाची होती, हे त्यातून कळत नाही. १९०५ पर्यंत चाललेल्या त्या परीक्षांचा गाभा कन्फ्यूशियसच्या परंपरेतील ग्रंथ हाच होता, आणि ज्याने ते ग्रंथ आत्मसात केले तोच राज्य चालवण्यास नैतिकदृष्ट्या पात्र, अशी त्यामागची श्रद्धा होती.

लिन यांची कृती या श्रद्धेवाचून समजत नाही. १८३९ मध्ये सम्राटाचे खास आयुक्त म्हणून ग्वांगजौ (कँटन) बंदरात आल्यावर त्यांनी परकीय व्यापाऱ्यांकडून वीस हजारांहून अधिक पेट्या अफू ताब्यात घेतली. मुंबई बंदरातून चीनला जाणारी माळव्याची अफू याच व्यापारातली. ग्वांगजौजवळच्या हूमेन येथे चर खणून, मीठ आणि चुना घालून ती नष्ट करण्यात आली, आणि हा मळ समुद्रात सोडावा लागणार म्हणून त्यांनी समुद्रदेवतेची क्षमा मागणारे स्तवन रचले. व्हिक्टोरिया राणीला लिहिलेल्या पत्रातही त्यांनी धमकीइतकाच भर सदसद्विवेकावर दिला. इंग्रजांशी युद्ध पेटल्यावर मात्र सम्राटाने दोष त्यांच्यावर ढकलून त्यांना दूर पश्चिमेला ईली येथे हद्दपार केले, आणि तेथेही ते पडीक जमीन लागवडीखाली आणण्याच्या व कालव्यांच्या कामात गुंतले. पुढे त्यांना परत बोलावण्यात आले. १८५० मध्ये नव्या कामगिरीवर जाताना वाटेत त्यांचे निधन झाले, तेव्हा दरबाराने दिलेल्या ‘वेनजोंग’ या मरणोत्तर नावात विद्या आणि निष्ठा हे दोन्ही अर्थ आहेत.

म्हणून ‘विद्वान सनदी अधिकारी’ असे लिहावे, असे मी सुचवतो. शब्द लांबतो, पण त्यातली विद्वत्ता गाळता येत नाही. चीनच्या प्रमाणभाषेचे नाव म्हणून ‘मँडरिन’ मात्र खुशाल वापरावे, कारण चिनीतही त्या भाषेला पूर्वी ‘गुआनह्वा’, म्हणजे अधिकाऱ्यांची बोली, असेच म्हणत.