सिस्टरबाईंना विचारा : ग्रे कधी येते?

प्रश्न : गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून दीड महिना घरातच आहे. सूनबाईने मोबाइल टीव्हीला जोडून 'प्रायव्हेट प्रॅक्टिस' नावाची इंग्रजी डॉक्टरांची मालिका लावून दिली आणि मला तिचं वेडच लागलं. खालची अक्षरं वाचत वाचत चाळीस भाग झाले. डॉक्टर ॲडिसन तर आता घरातलीच वाटते. पण परवा मुलगा मुंबईहून आला आणि म्हणाला, "आई, ही 'ग्रेज ॲनाटॉमी'ची स्पिन-ऑफ आहे, म्हणजे तिच्यातून फुटून निघालेली. मूळ मालिका न बघता ही बघणं म्हणजे माडावर शेंड्याकडून चढण्यासारखं." मूळ मालिकेचे चारशेच्या वर भाग आहेत म्हणे. खरंच आधी ती बघायला हवी का? माझं वय बासष्ट.
— एक भगिनी, वेंगुर्ले

उत्तर : ताई, आधी गुडघ्याचं. सांगितलेले व्यायाम मालिका लावायच्या आधी उरका. नंतर होत नाहीत, हे मी स्वतःच्या कंबरेच्या अनुभवावरून सांगते.

आता चिरंजीवांचं. चारशेचा आकडा त्यांनी बरोबर सांगितला. 'ग्रेज' मार्च २००५ मध्ये सुरू झाली, मे २०२२ मध्ये चारशेवा भाग झाला आणि त्यानंतरही गाडी थांबली नाही. रोज दोन भाग धरा. गणपतीत सुरुवात केलीत, तर शिमग्याच्या पालख्या नाचून देवळात परत जातील आणि तुम्ही अजून सिएटलच्या त्या हॉस्पिटलातच असाल. 'प्रायव्हेट प्रॅक्टिस'चे सगळे मिळून १११ भाग, सहा सीझन, सप्टेंबर २००७ ते जानेवारी २०१३. हे माणसाच्या आवाक्यातलं आहे.

मी स्वतः ही मालिका बघितली ती चुकून. निवृत्तीनंतरचा पहिला पावसाळा होता. चौतीस वर्षं लेबर रूमच्या रात्रपाळ्या केलेल्या, त्यामुळे रात्री झोप म्हणून लागायची नाही. भाचीने तिचा जुना टॅब दिला. "मावशी, ह्यात ग्रेज उतरवून ठेवलंय, बघ." त्यात दोन मालिका होत्या. चष्मा हाताशी नव्हता, मी दुसरीवर बोट ठेवलं. एक भाग झाला, दोन झाले, चार झाले, ग्रे नावाचं कुणी येईना. म्हटलं, मोठी नायिका दिसते, उशिरा येत असेल. दशावतारात नाही का, मुख्य राजा यायच्या आधी संकासुर तासभर खेळवतो! आठव्या दिवशी भाचीला फोन केला, "अगो, ही ग्रे कधी येते?" पलीकडून उत्तर नाही, नुसतं हसणं. मग म्हणाली, "मावशी, ती ह्यात नाहीच." तोवर पहिला सीझन संपत आला होता, नऊच भागांचा आहे तो, आणि माझा जीव ॲडिसनमध्ये अडकला होता. ग्रे आली नाही याचं काही वाटलं नाही.

तुमच्या मुलाला माडाची उपमा सुचली, पण झाड चुकलं. आंब्याची घ्यायला हवी. माझे वडील कलमं बांधायचे. कोयकलम आता सगळेच करतात, पण त्यांचा हात भेटकलमावर होता. पिशवीतलं रायवळाचं रोप हापूसच्या झाडाजवळ न्यायचं, फांदीच्या उंचीला मांडव करून ठेवायचं, दोघांची साल तासायची आणि एकमेकांना बांधून टाकायचं. फांदी अजून आईच्याच झाडावर असते, रस तिचाच पिते. दोन-तीन महिन्यांनी जीव धरलेला दिसला, की मग आईकडून कापायची. 'प्रायव्हेट प्रॅक्टिस' अगदी अशीच बांधलेली आहे. मे २००७ मध्ये 'ग्रेज'च्या तिसऱ्या सीझनमध्ये दोन तासांचा एक भाग आला. त्यात ॲडिसन सिएटलहून लॉस एंजेलिसला नेओमी नावाच्या मैत्रिणीकडे जाते. थोडी गोष्ट जुन्या हॉस्पिटलात, थोडी नव्या दवाखान्यात. कलम धरलं असं दिसलं, सप्टेंबरात वेगळी मालिका. हापूस चोखताना त्याच्या आईचं झाड कुठल्या बागेत होतं ते आपण विचारतो का?

तरी चिरंजीवांचं समाधान म्हणून मूळ मालिकेतलं जेवढं लागतं तेवढं सांगते. मेरेडिथ ग्रे ही शिकाऊ सर्जन. मेंदूचा डॉक्टर डेरेक शेफर्ड आणि ती यांचं सूत जुळलेलं. पहिल्या सीझनच्या अगदी शेवटी एक उंच, लाल केसांची बाई समोर येऊन उभी राहते आणि आपण डेरेकची बायको असल्याचं सांगते. ती ॲडिसन. लग्नाची बायको ती, पण गोष्ट दुसरीची, म्हणून सवत ठरली हीच! मी सरळ वाटेने आले असते, तर मीही तिच्या नावाने बोटं मोडली असती. उलट्या वाटेने आल्यामुळे मला आधी भेटली ती बाळंतपणाची आणि तान्ह्या बाळांची निष्णात सर्जन. हिला स्वतःला मूल हवं होतं, तपासायला मैत्रिणीकडे गेली, आणि आता ते होणं नाही हे त्या मैत्रिणीलाच तिला सांगावं लागलं. दिवसभर दुसऱ्यांची पोरं हातात घ्यायची आणि घरी जाऊन एकटीने समुद्र बघत बसायचं. आमच्या लेबर रूममध्ये अशी एक सिस्टर होती. बाळ पुसून आईच्या कुशीत द्यायचं काम ती कधी दुसऱ्या कुणाला करू द्यायची नाही. मला त्याचं कारण कळायला फार वर्षं लागली.

समुद्रावरून आठवलं. ॲडिसनचं घर वाळूला लागून आहे आणि संध्याकाळी सूर्य समोर पाण्यात बुडतो, आपल्यासारखाच. तोही पश्चिम किनारा, हाही पश्चिम किनारा. फक्त तिच्या अंगणात सुकत घातलेले बांगडे नाहीत. आणि 'ग्रेज'मध्ये ज्या सिएटलच्या पावसाचं एवढं कौतुक चालतं, तो वर्षाकाठी हजार मिलिमीटरच्या आसपास. आपल्याकडे तीन हजार पडतो आणि त्यात आम्ही ड्युटीला जायचो, छत्री उलटी झाली तरी.

दोन ठिकाणी अडखळाल, ती आधीच सांगते. मुलाने हट्टाने तुम्हाला तो 'ग्रेज'मधला भेटकलमाचा भाग दाखवला, तर त्यातली नेओमी वेगळी दिसेल. तिथे ते काम मेरिन डंजीने केलंय, मालिकेत ऑड्रा मॅकडोनाल्डने. तुमचा चष्मा ठीक आहे. दुसरं, ॲडिसनच्या भावाच्या, आर्चरच्या, मेंदूत जंताच्या गाठी निघतात आणि त्याला सिएटलला डेरेककडे नेतात, तिथे (फेब्रुवारी २००९) निम्मी गोष्ट 'ग्रेज'च्या भागांत गेली आहे. तेवढे भाग मुलाकडून मागून घ्या. हा रोग काही अमेरिकेचाच नाही. आपल्याकडे फिट्स येणाऱ्या कितीतरी पेशंटांच्या मेंदूत या गाठी सापडतात. पट्टकृमीची अंडी घाणेरड्या पाण्यातून, न धुतलेल्या कच्च्या भाजीतून, हातांतून पोटात जातात. आर्चरची गोष्ट बघून झाली की कोथिंबीर दोन पाण्यांनी धुवाल, एवढं नक्की.

आणि हो, तिसऱ्या सीझनमध्ये डेरेकची धाकटी बहीण अमेलिया येते. ही मालिका संपल्यावर ती 'ग्रेज'मध्ये गेली. कलमाची फांदी परत आईच्या झाडाला बांधलेली मी तरी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. वडील असते तर म्हणाले असते, असं करू नये. पण तिथे ती धरली.

खोड काय, तेही सांगायला हवं. एकदा टॅब ओट्यावर ठेवून मासे साफ करत होते, तर शेजारची म्हातारी खांद्यावरून डोकावून बघत राहिली आणि म्हणाली, "ह्या डॉक्टरांका पेशंट नाय काय गो? सगळो वेळ एकमेकांच्याच भानगडी!" तिचं खोटं नाही. नेओमी आणि सॅम, घटस्फोट झालेले नवरा-बायको, एकाच दवाखान्यात शेजारशेजारी बसतात, आणि जो तो दुसऱ्या कुणात तरी गुंतलेला. पण त्यांच्या दवाखान्यात एक स्वयंपाकघर आहे. तिथे सगळे जमतात आणि पेशंटवरून कडाकडा भांडतात. आईला सांगायचं की नाही, मुलाला सांगायचं की नाही, पैसे देणाऱ्याचं ऐकायचं की नाही. तेवढ्यासाठी मी बाकीच्या भानगडी सोसल्या. आमच्याकडेही अशी भांडणं व्हायची, पण डॉक्टर एका खोलीत आणि आम्ही बाहेर चहा गाळत.

प्रश्न : मी बारावीला आहे. ताईबरोबर हीच मालिका बघतो. त्यात डेल रिसेप्शनला बसतो आणि मिडवाइफ व्हायला शिकतो. मी घरी म्हटलं मला असं काही करायचंय, तर सगळे हसले. मुलगा सुईण होतो का? आणि बाळंतपण खरंच इतक्या पटकन होतं?
— एक विद्यार्थी, गुहागर

उत्तर : बाळा, हसू दे त्यांना. जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा म्हण की बीएस्सी नर्सिंग म्हण, दोन्हीकडे मुलगे असतात, आणि जीएनएममधला शेवटचा 'एम' म्हणजे मिडवाइफरीच. माझ्या शेवटच्या वर्षांत आमच्याकडे एक ब्रदर होता. पहिले चार दिवस बायका तोंड फिरवायच्या, नंतर "तो खंय गेलो?" म्हणून विचारायच्या. हात थंड डोक्याचा असला की पुढच्या कळेला बाईमाणूस-पुरुषमाणूस कुणी बघत नाही. त्या मालिकेत मला सगळ्यांत जवळचा तो डेलच. बाकीचे डॉक्टर त्याला फोन उचलायला लावतात आणि तो गुपचूप वह्या भरतो.

वेळेचं म्हणशील तर पहिलटकरणीला बारा तास धर, अठराही लागतात. टीव्हीवर दोन किंकाळ्या आणि हातात बाळ! तेही न्हाऊमाखू घातलेलं, तीन महिन्यांचं. नुकतं जन्मलेलं मूल निळसर, बुळबुळीत, चिकाने माखलेलं असतं. आणि वार? इतक्या भागांत वार पडायची वाट बघत बसलेलं कुणी दाखवल्याचं मला आठवत नाही. आमचं अर्धं काम तर तिथेच. बाळ आलं म्हणून घरचे पेढे आणायला पळायचे आणि आम्ही रक्त किती जातंय ते बघत पोटावर हात ठेवून उभ्या. पायाळू मूल मालिकेत आलं की सगळे धावतात, ते मात्र खरं आहे. आपल्याकडे पायाळू माणसाने पाठीत लाथ मारली की उसण जाते म्हणतात. मीही खाल्लीय एकदा. उसण गेली नाही.

अजून एक. मॉनिटरवर रेषा सरळ झाली की टीव्हीवरचे डॉक्टर शॉक देताना दिसतात. तसं करत नाहीत. सरळ रेषेला शॉकचा उपयोग नसतो, छाती दाबायची असते आणि औषध द्यायचं असतं. परीक्षेत मालिकेतलं उत्तर लिहू नकोस.

प्रश्न : मंडळी वेंगुर्ल्याच्या बहिणीकडून ऐकून आली आणि आता आमच्याकडेही स्पिन-ऑफ हवी म्हणते. इंग्रजी दोघांनाही झेपत नाही. आपल्याकडे असं काही आहे का?
— एक गृहस्थ, देवगड

उत्तर : आहे की. 'संजीवनी' आठवते? २००२ साली स्टार प्लसला लागायची. तिच्यातले मोठे डॉक्टर शशांक, म्हणजे मोहनीश बहल, २००७ मध्ये स्टार वनवर 'दिल मिल गये'मध्ये आले. हॉस्पिटल संजीवनीच, पण जुन्या मालिकेतल्या डॉक्टर जुही आणि राहुलच्या जागी नवी इंटर्न पोरं, आणि शशांकची मुलगी रिद्धिमा त्यांच्यात. मालिका हिंदीत आहे आणि 'संजीवनी' आधी बघायची गरज नाही. २०१९ मध्ये पुन्हा 'संजीवनी' आली, तिथेही डॉक्टर शशांक हजर.

फक्त रिद्धिमाचं काम करणारी नटी मध्येच बदलते, आणि एकदा नव्हे, दोनदा. वहिनींना आधीच सांगून ठेवा, नाहीतर रिमोट तुमच्याकडे होता म्हणून बोलणी तुम्हाला बसतील.