चिपाड विरघळतं, वितळतं की सुटतं?

प्रश्न असा आला आहे: "उसाच्या चिपाडावरच्या लेखात मी 'हरित द्रावकात चिपाड विरघळवून सेल्युलोज मिळवतात' असं लिहिलं. एक सहकारी म्हणाले, 'वितळवून' लिहा. दुसरे म्हणाले, 'हरित' कशाला, सरळ 'हिरवं' म्हणा. कोणाचं ऐकू?"

दुसऱ्यांचं तर मुळीच ऐकू नका. हरित क्रांती, हरित ऊर्जा यांच्यामुळे 'हरित' म्हणजे निसर्गाला कमी जाच करणारं, हा अर्थ मराठीत रुळला आहे. 'हिरवं द्रावक' म्हटलं की डोळ्यांपुढे खसचं सरबत येतं. त्यातून तुमच्या विषयातलं द्रावक काम झाल्यावर काकवीसारखं काळं होतं, म्हणजे रंगाच्या वाटेला न गेलेलंच बरं.

खरी गोम क्रियापदात आहे. साखर चहात विरघळते, तूप उन्हात वितळतं. विरघळायला कशात तरी जावं लागतं, वितळायला नुसती ऊब पुरते. बोलताना आपण 'बर्फ विरघळला' म्हणतो आणि कोणाचं काही अडत नाही. पण शास्त्रावर लिहिताना हा फरक जपावा, कारण तो आपल्याकडे आयता आहे.

आता भांड्यात काय होतं ते बघू. चिपाडात साधारण ४० टक्के सेल्युलोज, पाव भाग किंवा थोडं जास्त हेमिसेल्युलोज आणि वीसेक टक्के लिग्निन असतं. लिग्निन हा सेल्युलोजच्या धाग्यांना धरून ठेवणारा चिकटा. तुमचं हरित द्रावक, म्हणजे विरघळवणारा द्रव, हे बहुधा कोलीन क्लोराइड आणि लॅक्टिक आम्लाचं मिश्रण. त्यात चिपाड काही तास तापवलं, की लिग्निन त्या द्रवात उतरतं, हेमिसेल्युलोजही बरंचसं जातं. मागे राहतो फिकट, ओला लगदा. तोच सेल्युलोजचा. गाळून निघालेल्या काळ्या द्रवात पाणी ओतलं की लिग्निनचा साका खाली बसतो.

म्हणजे तुमच्या वाक्यात जे मिळवायचं आहे, नेमकं तेच विरघळत नाही! 'हरित द्रावकात लिग्निन विरघळवून सेल्युलोज सोडवतात' असं लिहा. 'सोडवणे' मी मुद्दाम सुचवतो आहे. अंबाडीचे पेंढे पाण्यात भिजत घालून कुजवले, की साल सैल होते आणि वाख सुटतो. चिकटा गेला, धागा सुटला. प्रक्रियेचं रसायन वेगळं असलं तरी चित्र तेच आहे. 'विघटन' इथे फार ढोबळ पडतो. शेणखताच्या खड्ड्यातही विघटनच होतं, पण तिथून कोणी धागा काढून घेत नाही.

एक अपवाद लक्षात ठेवा. आयनिक द्रव नावाचा द्रावकांचा दुसरा गट आहे, म्हणजे कमी तापमानालाही द्रव राहणारी लवणं. त्यातल्या काहींत सेल्युलोज स्वतःच विरघळतं, हे २००२ मध्ये अमेरिकेतल्या अलाबामा विद्यापीठातल्या रॉबिन रॉजर्स यांच्या गटाने दाखवलं. त्यांच्याविषयी लिहाल तेव्हा 'सेल्युलोज विरघळवतात' हेच बरोबर.

'वितळवून' म्हणणारे सहकारी चुकलेच, पण त्यांचा शब्द अगदीच वाया जात नाही. तो चिपाडाला लागत नाही, द्रावकाच्या जन्माला लागतो. घरी अमृतधारा करतात ती पाहिली आहे का? कापूर, ओव्याचं फूल आणि पुदिन्याचं फूल, तिन्ही कोरडे खडे. एका बाटलीत भरून हलवले की कडा ओलसर दिसतात, खडे एकमेकांना चिकटतात आणि थोड्या वेळात सगळ्याचं पाणी होतं. पाण्याचा थेंब नाही, चूल नाही. आमच्याकडे याला 'पाणी होणं'च म्हणत. शास्त्राच्या भाषेत, मिश्रणाचा वितळणांक एकेकट्याच्या वितळणांकापेक्षा खाली आला. कोलीन क्लोराइड ३०२ अंशांना वितळतं आणि युरिया १३३ अंशांना, पण एकास दोन रेणू या प्रमाणात मिसळले की मिश्रण १२ अंशांनाच वितळतं. हे लेस्टर विद्यापीठातल्या अँड्र्यू ॲबट आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये मांडलं. अशा मिश्रणांना 'डीप यूटेक्टिक' म्हणतात, चिपाडासाठीचं वरचं मिश्रणही त्यातलंच. त्यातल्या 'डीप'चं 'गहन' किंवा 'सखोल' असं भाषांतर कृपा करून करू नका. हा खोलपणा विचारांचा नाही, वितळणांकाच्या आलेखातल्या खड्ड्याचा आहे. 'यूटेक्टिक' हा शब्द ग्रीकमधून, 'सहज वितळणारं' या अर्थाचा. हिंदी परिभाषेत त्याला 'गलनक्रांतिक' म्हणतात, पण मराठी वाचक त्यापाशी अडखळेल. मी तरी 'यूटेक्टिक'च ठेवीन आणि पहिल्यांदा येईल तिथे अमृतधारेची एक ओळ देईन.

जाता जाता: 'द्रावक' आणि 'विद्रावक' दोन्ही चालतात, शाळेच्या पुस्तकांमुळे 'द्रावक' ओळखीचं आहे. मात्र 'द्राव्य' म्हणजे विरघळलेला पदार्थ आणि 'विद्राव्य' म्हणजे विरघळू शकणारा, हे वेगळं ठेवा. ठिबकवाल्या शेतकऱ्याला विचारा, 'विद्राव्य खत' तो रोज बोलतो.

आणि अमृतधारा करून बघणार असाल तर बाटली काचेची घ्या. तो द्रवही शेवटी द्रावकच आहे, काही प्लास्टिक त्यात खरोखर विरघळतात.