चरबीसाठी डिकँटर घ्यावा की सेपरेटर?

प्रश्न: नमस्कार साहेब, अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं छोटं शेड आहे. शहरातल्या मटण दुकानांतून रोज ७००-८०० किलो शेळ्यामेंढ्यांची चरबी येते, पाणी घालून वाफेवर कढवतो, कापडातून गाळतो, रात्रभर टाकीत ठेवतो तरी पाणी अन बारीक गाळ राहतोच आणि साबणवाले माल परत पाठवतात. एक जण डेअरीतला जुना क्रीम सेपरेटर स्वस्तात देतोय, दुसरा म्हणतो ४००० आरपीएमचा (मिनिटाला ४००० फेरे) डिकँटर घ्या. काय करू? – एक वाचक, सोलापूर

उत्तर: तो डेअरीचा सेपरेटर घेऊ नका, हे आधी सांगतो. त्यात एकावर एक पातळ डिस्क असतात, मधली फट एक मिलिमीटरपेक्षाही कमी. दुधात चोथा नसतो म्हणून तिथं चालतं, तुमच्या कढईतनं मांसाचे तंतू, हाडाची कणी सगळं येतं, फटी बुजणार आणि तुम्ही दिवसभर डिस्क धूत बसणार.

तुम्ही पाणी घालून कढवता म्हणजे चरबी, पाणी, चोथा तिन्ही वेगळं करायचंय. त्यासाठी थ्री-फेज डिकँटर लागतो, म्हणजे जोरात फिरणारा आडवा बोल (पोकळ ड्रम), त्याच्या आत चोथा बाहेर ढकलणारा स्क्रू, आणि तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या बाहेर; इथले फेज विजेचे नव्हेत. टू-फेजमध्ये फक्त चोथा बाजूला पडतो, चरबी आणि पाणी एकत्रच येतं, ते कोरडं कढवणाऱ्यांना पुरतं कारण त्यांचं पाणी कढईतच उडालेलं असतं. डिस्क सेपरेटर वाईट नाही, पण त्याची जागा डिकँटरच्या नंतर, उरलेलं पाणी अन बारीक कण काढायला.

नुसत्या आरपीएमवर भुलू नका, बोलचा व्यास विचारा. ३५ सेंटीमीटरचा बोल ३२०० आरपीएमला साधारण २००० जी (गुरुत्वाकर्षणाच्या २००० पट जोर) देतो, तोच ४००० ला ३१०० च्या वर जातो, पण बोल बारका असेल तर त्याच ४००० ला जी कमी पडतो.

आता तापमान, इथंच बहुतेक लोक फसतात. माल ९०-९५ अंशांवरच मशीनमध्ये गेला पाहिजे, पाइपला गरम ठेवणारं जॅकेट (बाहेरचं आवरण) हवंच. एका ठिकाणी मी बघितलंय, संध्याकाळी लाइट गेली म्हणून गरम पाणी न फिरवताच मशीन तसंच सोडून पोरं घरी गेली. मेंढीची चरबी ४५ अंशांच्या आसपासच घट्ट होते, सोलापूरच्या मे महिन्यातसुद्धा ती थिजते हो! सकाळी बटण दाबलं तर आत एका बाजूला मेणासारखा थर धरलेला, अख्खं मशीन थरथरायला लागलं, फाउंडेशनचे बोल्ट हलले. तेव्हा बंद करताना गरम पाण्याचा फ्लश आणि लाइट गेली तर काय करायचं हे आधी ठरवा.

जुनं मशीन घेणार असाल तर बोलची डाय पेनेट्रंट टेस्ट (रंग लावून बारीक भेगा शोधायची तपासणी) करून घ्या, भेग असेल तर फुकटातसुद्धा नको, फुटलेला बोल माणूस मारतो. स्क्रूच्या कडा झिजल्यात का बघा, आणि मशीनच्या आधी जाळी व मॅग्नेट बसवा, मटणाच्या हुकाचा तुकडा आत गेला की मोठा खर्च आलाच.

एक मात्र साबणवाल्यांना नीट विचारा, माल परत का येतो? पाणी-गाळामुळे असेल तर डिकँटरनं काम होईल. फ्री फॅटी ॲसिड (चरबी शिळी होताना सुटणारं आम्ल) किंवा वास यामुळे असेल तर कुठलंही सेंट्रिफ्यूज (डिकँटर, सेपरेटरसारखं फिरवून वेगळं करणारं मशीन) ते कमी करत नाही, त्यासाठी चरबी दुकानातून उचलली त्याच दिवशी कढवायला हवी, विशेषतः उन्हाळ्यात. पैसे द्यायच्या आधी स्वतःच्या कढईतला माल कॅनमध्ये घेऊन जा, तिथं परत ९० वर गरम करा आणि तुमच्या डोळ्यांसमोर चालवून दाखवायला सांगा.