पहिला स्टर्जन लागला, पण फोटोत अर्धाच दिसतोय!
(सदर : गळाला काय लागलं?)

प्रश्न : कॅनडात फ्रेझर नदीवर गाईड घेऊन गेलो होतो, आयुष्यातला पहिला स्टर्जन लागला, जवळजवळ माझ्याच उंचीचा. हात भरून आले अक्षरशः. शेवटी काठाजवळ आणला तर गाईड म्हणतो मासा उचलायचा नाही, तूच पाण्यात उतर. मग त्या गारठ्यात कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून फोटो काढले आणि फोटोत मासा अर्धा पाण्याखाली. आता मित्र विचारतायत की बाकीचा मासा कुठे गेला. हा गाईड जरा अतीच करत होता का?

उत्तर : अजिबात नाही. मी तर म्हणेन चांगला गाईड मिळाला तुम्हाला. आधी अभिनंदन घ्या, पांढरा स्टर्जन म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या गोड्या पाण्यातला सगळ्यात मोठा मासा, तो पहिल्याच फेरीत लागणं काही साधी गोष्ट नाही. आता उचलण्याचं. स्टर्जनचा सांगाडा बहुतेक कूर्चेचा असतो, म्हणजे आपल्या कानाच्या वरच्या भागात असतं तसलं लवचिक, आणि एवढं मोठं धूड पाण्यात असतं तेव्हा सगळं वजन पाणीच पेलत असतं. तोच मासा दोघांनी बाहेर उचलून आडवा धरला की सगळा भार आतल्या अवयवांवर येतो. वरून दिसत काहीच नाही, मासा पोहत निघून गेल्यासारखा वाटतो, पण आत काय झालं ते कोणी बघितलंय? म्हणून तर अमेरिकेत कोलंबिया नदीवर ओरेगॉन राज्याच्या बाजूला नियमच आहे, 54 इंचांपेक्षा लांब स्टर्जन पाण्याबाहेर काढायचाच नाही, अर्धवटसुद्धा नाही. हे माप नाकाच्या टोकापासून शेपटीच्या खाचेपर्यंतचं बरं का, शेपटीच्या वरच्या लांब टोकापर्यंतचं नाही.

शिवाय हा मासा मेला तर जागा भरायला किती वेळ लागतो बघा. मादीला पहिल्यांदा अंडी घालायला वीस-वीस वर्षं लागू शकतात, आणि नंतरही ती दरवर्षी घालत नाही, मध्ये काही वर्षं जातात. तुमच्या उंचीचा मासा म्हणजे वयानं तुमच्या बरोबरीचा असला तरी मला नवल वाटणार नाही, ही मंडळी शंभरी पार करतात. फ्रेझरवर 1994 पासून स्टर्जन पकडा आणि सोडा असंच आहे, घरी न्यायचा प्रश्नच नाही. मित्रांना सांगा बाकीचा मासा नदीत आहे.

प्रश्न : मी पहिल्यांदाच स्टर्जनला जाणार आहे. एवढा अवाढव्य मासा म्हणजे लागल्या लागल्या रॉड कमानीसारखा वाकेल ना? टोक हललं की लगेच हिसका द्यायचा का?

उत्तर : सगळे नवखे इथेच फसतात. मासा अवाढव्य, पण त्याचं तोंड बघा. खालच्या बाजूला असतं, दात नाहीत, नळीसारखं बाहेर येतं आणि तळावरचं खाणं ओढून घेतं. तोंडाच्या पुढे चार मिशा लोंबतात, त्यानं तो गढूळ पाण्यात तळ चाचपत येतो, डोळ्यांवर त्याचा फारसा भरवसा नाही. त्यामुळे वर रॉडच्या टोकाला काय कळतं तर टुक, टुक, एवढंच, एखादं पिल्लू कुरतडतंय असं वाटावं. तेव्हा ओढलंत तर आमिष त्याच्या तोंडातून सुटतं आणि तुम्ही लाइन गुंडाळून परत आमिष बांधत बसता. हात रॉडवर ठेवा, श्वास रोखा, आणि टोक एका दमात खाली जायला लागलं की मग बोला. साधा गळ असेल तर चांगला जोरात हिसका, सर्कल हुक (टोक आत वळलेला गोलसर गळ) असेल तर हिसका अजिबात नको, नुसतं रील फिरवत वजन घ्या, तो गळ आपोआप तोंडाच्या कोपऱ्यात बसतो.

आमिष बहुतेक ठिकाणी सॅल्मनची अंडी असतात, ती जुन्या नायलॉनच्या मोज्याच्या तुकड्यात पुरचुंडी करून बांधतात नाहीतर प्रवाहात लगेच विरघळून जातात. वास भयंकर, चांगले कपडे घालून जाऊ नका :) खाली जड शिसं लागतं कारण आमिष तळावरच पडून राहिलं पाहिजे.

मासा लागला की होडी नांगराला बांधून ठेवून झुंजायचं नसतं, नांगराच्या दोरीला तरंगता बोया अडकवलेला असतो, दोरी सोडायची, बोया तिथेच राहतो आणि होडी माशाच्या मागे जाते. तो अख्खाच्या अख्खा पाण्याबाहेर उडी पण मारतो, अशा वेळी लाइन सैल पडू देऊ नका, कारण फ्रेझरवर गळाला उलटा काटा चालत नाही आणि सैल पडली की गळ निसटतो. आणि हो, हलकी लाइन घेऊन तासन्‌तास खेळवत बसण्यात काही मर्दुमकी नाही, दणकट सामान घ्या आणि लवकर जवळ आणा, दमून गेलेला मासा सोडल्यावर सावरायला जास्त वेळ घेतो, त्यात पाणी कोमट असेल तर आणखीच. सोडताना तोंड प्रवाहाकडे करून शेपटीजवळ धरून उभं राहायचं, कल्ले नीट उघडझाप करायला लागले की तो स्वतःच असा फटका मारतो की हातात राहतच नाही. त्याच्या अंगावर हाडांच्या ढालींच्या पाच रांगा असतात, लहान स्टर्जनच्या तर धारदार असतात, हातमोजे घाला.

प्रश्न : गाईडनं माशाच्या डोक्यामागे एक मशीन फिरवलं आणि ते बीप वाजलं. काय होतं ते?

उत्तर : चिप हो! तांदळाच्या दाण्याएवढी असते, डोक्याच्या मागे कातडीखाली टोचतात. बॅटरी वगैरे काही नाही, स्कॅनर जवळ आणला की नंबर सांगते. बीप वाजलं म्हणजे तुमच्या आधी कोणीतरी हाच मासा पकडून, मोजून सोडला होता. फ्रेझरवर संवर्धन संस्थेचे स्वयंसेवक आणि गाईड मिळून असे नंबर आणि मापं गोळा करतात, त्यावरून नदीत स्टर्जन किती आणि वाढतायत कसे याचा अंदाज बांधतात. नंबर लिहून घेतला असेल तर गाईडला विचारा आधी कधी आणि कुठे सापडला होता, उत्तर मिळालं तर मलाही कळवा.

प्रश्न : मेहुणे म्हणतात सोडायचा कशाला, कॅव्हियार (स्टर्जनची खारवलेली अंडी) काढून विकलं असतं तर ट्रिपचा खर्च निघाला असता!

उत्तर : मेहुण्यांना विचारा मादी होती हे त्यांना कसं कळलं, कारण बाहेरून बघून स्टर्जनचा नर कोण मादी कोण सहसा ओळखू येत नाही. आणि मादी असलीच तरी त्या वर्षी पोटात तयार अंडी असतील याची खात्री नाही. आज बाजारातलं बहुतेक कॅव्हियार शेततळ्यात वाढवलेल्या माशांचं असतं, आणि 1998 पासून सगळ्याच जातींच्या स्टर्जनच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराबाबतचा) कराराचं नियंत्रण आहे. फ्रेझरवर मासा ठेवून घेतला असता तर खर्च निघणं राहिलं बाजूला, वरून दंड भरावा लागला असता.