‘फेज डाउन’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आला आहे : हवामान परिषदेच्या बातम्यांत कोळशाबद्दल कधी ‘फेज आउट’ येतं, कधी ‘फेज डाउन’. मराठीत दोन्हींना ‘टप्प्याटप्प्याने बंद करणे’ म्हटलं तर चालेल का?

नाही चालणार. ‘आउट’ म्हणजे पूर्ण बंद, ‘डाउन’ म्हणजे फक्त कमी. याच एका शब्दावरून ग्लासगोची परिषद शेवटच्या घटकेला अडली होती. १३ नोव्हेंबर २०२१. मसुद्यात कोळशाच्या विजेसाठी ‘फेज आउट’ होतं. ऐनवेळी भारताचे पर्यावरणमंत्री भूपेंद्र यादव यांनी तिथे ‘फेज डाउन’ घाला असं सुचवलं आणि ते मान्य झालं. स्वित्झर्लंडने उघड नाराजी दाखवली, परिषदेचे अध्यक्ष आलोक शर्मा यांचा माफी मागताना कंठ दाटून आला. (हा शब्द काही भारताच्या पोतडीतला नव्हे. तीनच दिवस आधी अमेरिका-चीनच्या संयुक्त निवेदनात तो होता. खापर मात्र आपल्या डोक्यावर फुटलं.)

गंमत म्हणजे अंतिम करारात दोन्ही शब्द एकाच वाक्यात बसले आहेत : कोळशाच्या विजेला ‘डाउन’, इंधनावरच्या अकार्यक्षम अनुदानांना ‘आउट’. दोन्हींना एकच मराठी शब्द वापरणाऱ्या अनुवादकाची इथे पंचाईत होते.

खरं तर मराठीला हा फरक नवा नाही. ‘तंबाखू सोडली’ आणि ‘तंबाखू कमी केली’ यांतलं अंतर घरोघरी ठाऊक आहे. घोटाळा होतो तो ‘टप्प्याटप्प्याने’मुळे. एवढा लांबलचक शब्द आधी आला की वाचणाऱ्याचं लक्ष तिथेच अडकतं आणि पुढचं क्रियापद, जिथे सगळं राजकारण आहे, ते निसटून जातं. म्हणून मी ‘आउट’साठी ‘क्रमाने बाद करणे’ म्हणेन. नोटा बाद होतात तसं; शेवट शून्यावर. ‘डाउन’साठी ‘घटवत नेणे’. यातल्या ‘नेणे’त दिशा आहे, मुक्काम नाही, आणि भारताला नेमकं तेच हवं होतं.

ओझोनच्या करारांनाही ही जोडी लागू पडते. १९८७ च्या माँट्रियल करारातून ओझोनचा थर विरळ करणारे सीएफसी वायू पुढे बाद झाले. याच कराराच्या २०१६ च्या किगाली दुरुस्तीने, त्यांच्या जागी आलेले पण हवा तापवणारे एचएफसी वायू घटवत न्यायचे ठरले.

कोळशाआधी ‘अनअबेटेड’ असतं तेही गाळू नका. त्याचा अर्थ, धुरातला कार्बन पकडण्याची सोय नसलेला. मला सुटसुटीत मराठी शब्द सापडलेला नाही. ‘कार्बन न रोखता जाळलेला’ म्हणून भागवतो.

२०२३ मध्ये दुबईच्या हवामान परिषदेत तिसराच प्रयोग आला : जीवाश्म इंधनांपासून ‘ट्रान्झिशनिंग अवे’. ‘दूर सरकत जाणे’ हे त्याचं सरळ भाषांतर. एका मित्राने ‘काढता पाय घेणे’ सुचवलं. अर्थ थोडा वाकडा होतो, पण तेलवाल्या देशांचे चेहरे आठवले की मोह होतो खरा.