बोलत नाही, पण कळतं किती?

प्रश्न: नातू पावणेचार वर्षांचा आहे. ‘मम’, ‘दे’, ‘बाबा’ असे आठ-दहा शब्द सोडले तर बोलत नाही. सूनबाई म्हणते त्याला सगळं कळतं; बालवाडीच्या बाई म्हणतात, काहीच कळत नाही. घरच्या घरी कसं ओळखायचं?
– एक आजी, सिंहगड रस्ता, पुणे

उत्तर: आधी कानांची तपासणी झाली आहे ना? दाराची बेल ऐकून वळणाऱ्या मुलालाही ‘स’, ‘श’सारखे बारीक आवाज निसटत असू शकतात. झाली नसेल तर ऑडिओलॉजिस्टकडे जाऊन या, बाकी सगळं नंतर.

तुम्ही चपला घालून पिशवी उचलली आणि ‘चल भाजीला’ म्हणालात की तो दाराकडे पळणारच. त्याने शब्द ऐकला की पिशवी बघितली, हे त्यावरून कळत नाही. म्हणून खुणा काढून टाकायच्या. वाटी, चमचा, चेंडू, मोजा समोर मांडा आणि तुम्ही त्याच्या मागे बसा. मागितलेल्या वस्तूकडे आपली नजर नकळत जाते आणि मुलं ती बरोबर हेरतात. ‘चमचा कुठाय?’ एवढंच विचारा आणि मनात दहा आकडे मोजा. घरच्यांना नेमकं हेच जमत नाही. तिसऱ्या आकड्यालाच ‘अरे, आमटी खातो ना, तो!’ सुरू होतं आणि पोराला नवं वाक्य पहिल्यापासून उलगडावं लागतं. पुन्हा विचारायचं तर त्याच शब्दांत.

दर वेळी वस्तूंच्या जागा बदला, दोन-तीन दिवसांत मिळून बारा वेळा विचारा. नुसत्या अंदाजानेही साधारण तीन उत्तरं बरोबर येतील. आठ आली तर तो योगायोग नाही.

पुढची पायरी ‘वाटीखाली ठेव’, ‘वाटीमागे ठेव’. ‘वाटीत ठेव’ने काही सिद्ध होत नाही, वाटी दिसली की मुलं आत टाकतातच.

चुकला म्हणजे कळलं नाही, असं मात्र धरू नका. काही मुलांना कळतं, पण सांगितल्यावर हात मनासारखा हलत नाही. अशा वेळी दोनच वस्तू दोन टोकांना ठेवा, समोरच्या मोबाइलवर चित्रण करा आणि विचारल्यावर नजर कुठे थांबते ते नंतर पाहा. इथे निम्मी उत्तरं अंदाजानेही जुळतात, तेव्हा जास्त वेळा विचारा. त्याचा हात धरून वस्तूकडे नेऊ नका. ते उत्तर तुमचं होतं.

हे चित्रण स्पीच थेरपिस्टला दाखवा. त्यांनी चित्रांचा तक्ता (चित्रावर बोट ठेवून हवं ते सांगायचा) सुचवला तर ‘मग तो बोलणारच नाही’ म्हणून अडवू नका, तक्त्याने बोलणं मागे पडत नाही.