पेशीपटलातून पदार्थ आत-बाहेर नेण्याचे काम वाहक प्रथिने नेमके कसे करतात?

पेशीपटलाचा गाभा मेदाचा असतो. ऑक्सिजनसारखे लहान रेणू त्यातून सहज पार होतात. ग्लुकोज, अमिनो आम्ले किंवा सोडियमच्या आयनांना मात्र जवळपास मज्जावच. त्यांच्यासाठी पटलात आरपार रोवलेली प्रथिने लागतात.

पुष्कळांना वाटते, की प्रथिन रेणूला धरून या काठावरून त्या काठावर जाते. तसे होत नाही. प्रथिन फक्त आकार बदलते. आधी ते बाहेरच्या बाजूने उघडे असते. रेणू ठरलेल्या खाचेत बसला की ती बाजू मिटते आणि आतली उघडते. दोन्ही बाजू एकदम उघड्या राहत नाहीत. उघडल्यावर सलग आरपार वाट देणाऱ्या चॅनेल-प्रथिनांपेक्षा वाहक प्रथिने मंद असतात ती यामुळेच.

तांबड्या रक्तपेशीतले ग्लुट-१ हे वाहक प्रथिन ग्लुकोजला जास्त संहतीकडून कमीकडे नेते, त्यामुळे ऊर्जा लागत नाही. सोडियम-पोटॅशियम पंपाचे उलट: एटीपी या पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या पदार्थाचा एक रेणू खर्चून तो ३ सोडियम आयन बाहेर काढतो, २ पोटॅशियम आत घेतो. डॅनिश शास्त्रज्ञ येन्स स्कोऊ यांनी १९५७ मध्ये खेकड्याच्या चेतातंतूंवरील कामातून तो दाखवला; नोबेल मिळाले थेट १९९७ मध्ये!

खरी गंमत आतड्यातल्या एसजीएलटी-१ या वाहक प्रथिनाची. ते स्वतः एटीपी वापरत नाही. पंपाने सोडियम बाहेर काढलेले असल्यामुळे सोडियम परत आत यायला आतुर असते, आणि त्या ओघात २ सोडियम आयनांबरोबर १ ग्लुकोज आत खेचले जाते. मागोमाग पाणीही शोषले जाते. जुलाबात मीठ-साखरेचे पाणी देतात ते याच कारणाने. नुसत्या पाण्याने तेवढे साधत नाही.